बगलेतल्या उंटाला उत्तर

गेल्या वर्षी, ३१ ऑक्टोबर ते २७ नोव्हेंबर २०२५ या काळात, बार्देशातल्या हडफड्यात फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेचा विश्वचषक झाला. २०६ खेळाडूंतून उझबेकिस्तानचा जावोखिर सिंदारोव विजेता ठरला. गोव्याला या खेळाचे वेड जुनेच आहे. अनुराग म्हामल २०१७ साली गोव्याचे पहिले ग्रँडमास्टर झाले, तर लिऑन मेंडोंसाने २०२०च्या अखेरीस, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो मान मिळवला. पेडणे आणि डिचोलीतली मुलेही त्या वाटेने जावीत, असे मनापासून वाटते. त्या वाटेवर त्यांना एक अडचण हमखास भेटते : घोकलेली सुरुवात समोरचा पहिल्याच खेळीत मोडतो. पांढऱ्याने ई-४ खेळावे आणि काळ्याने बी-६ करून उंट बी-७ वर, बगलेत बसवावा.

या बचावाला ओवेन बचाव म्हणतात. इंग्लंडचे धर्मगुरू जॉन ओवेन यांनी १८५८ साली लंडनमध्ये याच खेळीने पॉल मॉर्फीला हरवले होते. बगलेतला उंट आपल्याला परका मुळीच नाही. देशी बुद्धिबळात बहुतेक ठिकाणी प्यादे पहिल्या खेपेलाही एकच घर सरके. त्यामुळे मध्यभाग सावकाश भरत जाई आणि उंटाला बाजूने वाट काढावी लागे. कोलकात्याचे महेशचंद्र बॅनर्जी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जॉन कॉक्रेनशी खेळताना उंट असेच बसवत. आज जगभर खेळल्या जाणाऱ्या ‘इंडियन’ बचावांची सुरुवातीची उदाहरणे त्या डावांत सापडतात.

आता उत्तराकडे वळू. बी-७ वरच्या उंटाची नजर ई-४ वर असते. म्हणून आधी डी-४ करून मध्यभाग घ्यावा आणि मग पांढऱ्या घरांचा उंट डी-३ वर आणावा. तो प्याद्याला आधार देतो आणि काळ्याच्या राजाच्या बाजूलाही रोखून राहतो. घोडा सी-३ वर घाईने आणला, तर काळा उंट बी-४ वर येऊन त्याला जखडतो आणि ई-४चा आधार ढिला पडतो. त्यापेक्षा घोडा एफ-३, काळ्याने सी-५ केल्यावर सी-३, वजीर ई-२ आणि मग किल्लेकोट हा क्रम भक्कम आहे. ई-५ करण्याची घाई मात्र नको. ते प्यादे पुढे गेले की बी-७ वरच्या उंटाची तिरकी वाट मोकळी होते आणि डी-५चे घर काळ्याच्या घोड्याला मिळते.

काळ्याने उतावीळपणे तिसऱ्या खेळीत एफ-५ केले, तर सतराव्या शतकातल्या ग्रेकोचा सापळा आठवावा. पांढरा ई-प्याद्याने एफ-५ मारतो आणि काळा उंट जी-२ मारून हत्तीवर जातो. वजीर एच-५ वरून शह देतो, काळा जी-६ करतो, पांढरे प्यादे जी-६ मारते. आता काळ्याने घोडा एफ-६ वर आणला की संपले. प्यादे एच-७ मारते, वजिराचा उघडा शह बसतो, घोडा वजीर घेतो आणि डी-३चा उंट जी-६ वर जाऊन मात करतो.

उंट जी-७ वर असेल, तर त्याचा रोख डी-४ वर असतो. तिथे सी-३ आणि घोडा एफ-३ हा आधार कामी येतो. काळ्याने दोन्ही उंट बगलेत बसवून प्यादी सहाव्या रांगेत ठेवली, तर त्या रचनेला हिप्पो म्हणतात. बोरिस स्पास्कीने १९६६च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत पेट्रोसियानविरुद्ध ती वापरली. तिच्यासमोर हल्ल्याची घाई न करता जागा वाढवत जावे.

१९८० साली स्वीडनमधल्या स्कारा इथे टोनी माइल्सने जगज्जेत्या कार्पोवच्या ई-४ला ए-६ असे उत्तर दिले, मग बी-५ करून उंट बी-७ वर नेला आणि डाव जिंकला. कार्पोवचे केंद्र त्या खेळीने कोसळले नव्हते. पुढच्या झुंजीत माइल्स सरस ठरला. म्हणून पेडण्या-डिचोलीतल्या शिक्षकांना सांगणे एवढेच : मुलांकडून आणखी एक नाव घोकून घेऊ नका. पट मांडा आणि विचारा, हा उंट कुठे बघतो आहे, आणि त्या घराला आपला आधार किती? हे दोन प्रश्न स्वतःला विचारायची सवय लागलेले मूल कुठल्याही अनोळखी खेळीसमोर डगमगणार नाही.