तारापूरच्या कुंपणाआड दोन नियम

भाईंदरहून डहाणू लोकल पकडली की साठेक किलोमीटरवर बोईसर येतं. एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांचं हे रोजचं स्टेशन. तिथून जवळच, समुद्रकाठी, तारापूर अणुऊर्जा केंद्र आहे. अण्वस्त्रांना लगाम घालण्याचे जगाचे प्रयत्न कितपत यशस्वी झाले, हे समजून घ्यायचंय? मग या केंद्राची गोष्ट वाचाच.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९मध्ये अमेरिकेच्या मदतीने सुरू झाल्या. इंधन ३० वर्षं अमेरिकाच देणार, असा १९६३चा करार होता. पण १९७०मध्ये अण्वस्त्र प्रसारबंदी करार, म्हणजे एनपीटी लागू झाला. ज्या पाच देशांकडे आधीच बॉम्ब होता, त्यांचा राहणार. बाकीच्यांनी बनवायचा नाही! हा भेदभाव आहे, असं म्हणत भारताने सही केली नाही आणि १८ मे १९७४ला पोखरणला अणुस्फोट केला.

त्याची किंमत तारापूरने मोजली. 'सगळी अणुकेंद्रं तपासणीला खुली करा, नाहीतर इंधन बंद,' असा कायदा अमेरिकेने १९७८मध्ये केला. भारत बधला नाही. मग १९८२च्या समझोत्यानंतर फ्रान्सने इंधन दिलं. पुढे रशियाने आणि हो, चीननेसुद्धा! एकाने नळ बंद केला की दुसरा सोडायचा. १९९८मध्ये पोखरणला पुन्हा स्फोट झालेच.

म्हणजे सगळं फुकट गेलं? तसंही नाही.

पहिल्या दोन भट्ट्यांवर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची देखरेख आहे. तिचे निरीक्षक येऊन इंधनाचा हिशेब तपासतात. शेजारच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्या मात्र स्वदेशी, प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या. भारत-अमेरिका अणुकरारानंतर आपण १४ भट्ट्या तपासणीला खुल्या करायचं ठरवलं, त्यांत या दोन नाहीत. बदल्यात २००८मध्ये परदेशी युरेनियमची दारं उघडली, पण ते देखरेखीखालच्या भट्ट्यांतच वापरता येतं. आवार एकच, नियम दोन.

जगाचंही असंच अर्धंमुर्धं आहे. १९८०च्या दशकात सुमारे ७० हजार अण्वस्त्रं होती, आज १२ हजारांच्या आसपास आहेत. दक्षिण आफ्रिकेने तर स्वतःचे बॉम्ब मोडीत काढले. उलट उत्तर कोरिया २००३मध्ये एनपीटीतून बाहेर पडला आणि तीन वर्षांत चाचणी करून मोकळा झाला. अमेरिका-रशियाच्या 'न्यू स्टार्ट' कराराची मुदतही ५ फेब्रुवारी २०२६पर्यंतचीच होती.

थोडक्यात काय, तर नुसती बंदी घालून बॉम्ब थांबत नाहीत. दोन्ही बाजूंनी एकमेकांना मोजू दिलं, तिथे ते कमी झाले. त्यामुळे पुढच्या वेळी अणुकराराची बातमी दिसली, तर सह्या कोणी केल्या यावर थांबू नका. मोजायला आत कोण जाणार आणि कुठल्या दारापर्यंत, तेही वाचा. कारण त्यातलं एक दार आपल्याच लोकलच्या वाटेवर आहे.