पावणं निघालेत, बघून घ्या!

रंगपंचमीच्या आधीच कोल्हापुरात एक पाहुणी रंगून बसलेली असते. भोरडी! डोकं, पंख, शेपूट काळं आणि पाठ-पोट गुलाबी. फाल्गुनात पळस, पांगारा, सावर फुलली की भोरड्यांच्या झुंडी मधावर तुटून पडतात. कालवा एवढा, की झाड आधी ऐकू येतं, मग दिसतं.

गंमत त्या गुलाबी रंगाची आहे. तो चढायला नवी पिसं येत नाहीत. हिवाळ्यातल्या पिसांच्या मळकट कडा झिजतात आणि आतला गुलाबी उघडा पडतो!

शाळवाची राखण करणारा भोरड्यांवर गोफण फिरवतो. दाण्यांचं नुकसान खरंच होतं. पण हीच भोरडी मध्य आशियात पिलांना टोळ आणि नाकतोडे भरवते. चीनच्या शिंजियांग प्रांतात तर तिनं घरटी करावीत म्हणून माणसं दगडांचे ढीग रचून देतात. एप्रिलमध्ये गेलेली भोरडी जुलै-ऑगस्टपासून भारतात परतू लागते. वर्षाचा मोठा भाग इथंच! मला तर ती घरचीच वाटते.

पंचगंगेच्या काठावर शेपूट हलवत पळणारा पांढरा धोबी बघा. हिवाळाभर पांढरा असलेला गळा निघायच्या सुमारास काळा होतो. पिवळा धोबी तर हळद लागलेला नवरदेवच.

रंकाळ्याजवळच्या तारांवर माळभिंगऱ्या दिसतील. वजन जेमतेम 20 ग्रॅम. उडता उडताच किडे टिपतात, म्हणून प्रवास दिवसा.

राधानगरीच्या जंगलातला हिरवट वटवट्या याहून हलका, रुपयाच्या दोन नाण्यांएवढा. तो चरबी साठवतो आणि रात्री उडत हिमालय गाठतो. काही तर त्याही पलीकडे जातात.

कळंब्याचं पाणी ओसरलं की चिखलात ठिपकेवाली तुतारी शोधा. सकाळचे पहिले दोन तास उत्तम. दुर्बीण नसली तरी अडत नाही.

पाहुणे आल्याची तारीख पुष्कळजण लिहितात, गेल्याची राहून जाते, कारण आज दिसलेला पक्षी शेवटचा हे त्या दिवशी कळतच नाही. म्हणून यंदा भोरडी दिसेल त्या प्रत्येक दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. शेवटची खूण, तीच तिच्या निघण्याची तारीख.