पहिल्या बर्फाआधीचा स्नोब्लोअर

स्नोब्लोअर हे साचलेला बर्फ तोंडात ओढून दूर भिरकावणारे यंत्र आहे. पूर्व कॅनडा, अमेरिकेचा ईशान्य भाग आणि महासरोवरांभोवतीची राज्ये येथे ते घरोघरी असते. माँट्रियलमध्ये वर्षाला सरासरी दोन मीटरच्या आसपास बर्फ पडतो, न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूजमध्ये तीन मीटरच्या आसपास. गॅरेजपासून रस्त्यापर्यंतच्या 15 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद वाटेवर वीतभर ताजा बर्फ साचला, तरी त्याचे वजन दीड टनाच्या घरात जाते. फावड्याने तो उपसताना दरवर्षी अनेकांच्या कमरेला इजा होते, काहींना हृदयविकाराचा झटकाही येतो.

या यंत्राचा पूर्वज रेल्वेचा आहे. टोरांटोचे दंतवैद्य जे. डब्ल्यू. इलियट यांनी 1869 मध्ये रुळांवरचा बर्फ फिरत्या पात्यांनी फेकण्याची कल्पना मांडली. रस्त्यावर चालणारे उपयुक्त यंत्र क्वेबेकच्या आर्थर सिकार यांनी 1925 मध्ये उभे केले आणि 1927 मध्ये ते माँट्रियललगतच्या उत्रमाँ नगराला विकले. मागे चालत हाकायची घरगुती यंत्रे 1950 च्या दशकात बाजारात आली. हिमालयात झोजिला खिंड मोकळी करणारी सीमा रस्ते संघटनेची अवजड यंत्रेही याच तत्त्वावर चालतात.

मध्यम आकाराच्या घरगुती यंत्रात काम दोन टप्प्यांत होते. पुढच्या पेटीत आडव्या दांड्यावर मळसूत्री पोलादी पाती असतात. त्यांना ऑगर म्हणतात. ती सावकाश फिरून बर्फ फोडतात आणि मध्यभागी आणतात. तेथे मागे बसवलेला वेगवान पंखा तो उचलून वळत्या नळकांड्यातून दहा मीटर किंवा त्याहूनही दूर टाकतो. लहान यंत्रांत पंखा नसतो. रबरी कडांचा ऑगरच जमीन घासत जातो आणि बर्फ फेकतो.

हे यंत्र वर्षातले सात-आठ महिने कोपऱ्यात उभे असते आणि त्याचे बहुतेक बिघाड याच काळात रुजतात. डिसेंबरमधल्या पहिल्या वादळाच्या सकाळी इंजिन सुरू झाले नाही, तर दोष बहुधा एप्रिलमध्ये टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा असतो. अमेरिकेत पेट्रोलमध्ये साधारण 10 टक्के इथेनॉल मिसळतात. महाराष्ट्रात इथेनॉल म्हटले की ऊस आठवतो, तिकडे ते मुख्यतः मक्यापासून बनते. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. पाण्याचे प्रमाण वाढले की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. उरलेले पेट्रोल हळूहळू उडून जाते आणि कार्ब्युरेटरच्या केसासारख्या बारीक छिद्रांत चिकट राळ साठते. म्हणून जुने पेट्रोल टाकीतून आणि कार्ब्युरेटरच्या वाटीतून पूर्ण काढावे आणि ताजे भरताना त्यात टिकाऊपणा वाढवणारे द्रावण मिसळावे. एवढ्याने इंजिन पेटले नाही, तर कार्ब्युरेटर उघडून साफ करण्याला पर्याय नसतो.

तेलाचे काम सोपे आहे. इंजिन काही मिनिटे चालवून बंद केले की कोमट तेल गाळासह सहज वाहते. नवे तेल बहुतेक यंत्रांना 5डब्ल्यू-30 प्रतीचे लागते. कडाक्याच्या थंडीत उन्हाळी जाड तेल घट्ट होते आणि इंजिन सुरू करायची दोरी ओढणेच अवघड होते. स्पार्क प्लग स्वस्त असल्यामुळे दरवर्षी बदलला तरी चालतो. एअर फिल्टर मात्र शोधत बसू नये. उडणारा बर्फ त्यावर गोठून हवेची वाट बंद होईल, म्हणून अनेक स्नोब्लोअरच्या इंजिनांना तो दिलेलाच नसतो.

खरे लक्ष द्यावे ते शिअर पिनकडे. ऑगर आपल्या दांड्यावर मोकळा बसवलेला असतो आणि मऊ धातूच्या या पिनांनीच तो दांड्याशी जखडलेला राहतो. पात्यांत दगड किंवा गोठलेले लाकूड अडकले की पिन तुटते, ऑगर थांबतो आणि मधला महागडा गिअरबॉक्स वाचतो. पिन तुटावी म्हणूनच ती कमकुवत केलेली असते. वारंवार तुटते म्हणून तिच्या जागी कडक पोलादी बोल्ट घालणे, ही या यंत्राशी केली जाणारी सर्वांत महागडी चूक आहे. दुसरा धोका गंजाचा. ऑगर दांड्यावर गंजून चिकटला, तर पिन तुटूनही तो मोकळा होत नाही आणि सारा धक्का गिअरबॉक्स सोसतो. म्हणून हंगामापूर्वी प्लगची वायर काढून पिना बाहेर घ्याव्यात आणि ऑगर हाताने फिरवून पाहावा. तो दांड्याभोवती सहज फिरला पाहिजे. मग ग्रीसच्या निपलमधून ग्रीस भरावे आणि पिना परत बसवाव्यात. निर्मात्याने सांगितलेल्या मापाच्या चार-सहा जादा पिना गॅरेजमध्ये हव्यातच.

पट्टे साधारणपणे दोन असतात, एक ऑगर-पंख्याचा आणि एक चाकांचा. भेगा, चकाकलेली कड किंवा सुटलेले धागे दिसले तर पट्टा बदलावा. नुसता सैल असेल तर केबलचा ताण वाढवावा. तो अति वाढवला तर मूठ सोडल्यावरही पाती फिरत राहतात. मूठ सोडल्यावर पाच सेकंदांत ऑगर थांबला पाहिजे. अनेक यंत्रांत चाकांना गती देणारी रबरी कडेची चकती धातूच्या तबकडीवर दाबून चालते. तिच्यावर तेलाचा थेंबही पडू देऊ नये, नाहीतर ती घसरते आणि यंत्र जागेवरच कुंथत राहते. दोन्ही टायरांत हवा सारखी असावी, नाहीतर यंत्र एका बाजूला ओढते.

पेटीच्या खालची पट्टी जमिनीपासून किती उंच राहील, हे दोन्ही बाजूंचे घसरते जोडे ठरवतात. डांबरी किंवा काँक्रीटच्या वाटेवर सुमारे 3 मिलिमीटर अंतर पुरते. खडीच्या वाटेवर ते 25 ते 30 मिलिमीटर ठेवावे, कारण पंख्याने फेकलेला खडा शेजाऱ्याच्या खिडकीपर्यंत पोहोचतो. नळकांडे आणि पंख्याची पेटी आतून पुसून सिलिकॉनचा फवारा मारला, तर ओला बर्फ चिकटत नाही. याची किंमत वाटेच्या तोंडाशी कळते. नगरपालिकेचा रस्त्यावरचा बर्फ सारणारा नांगर तेथे जो घट्ट, चिखलट ढीग लोटून जातो, तो यंत्राची खरी परीक्षा असतो.

वाटेचीही तयारी लागते. जमीन गोठण्यापूर्वी कडेने खुणेच्या काठ्या रोवाव्यात. पायपुसणी, पाण्याचा पाइप, कुत्र्याची साखळी उचलून ठेवावी. बर्फाखाली दडलेली वर्तमानपत्राची गुंडाळीसुद्धा पंखा अडवू शकते.

बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांना पेट्रोल आणि तेलाची कटकट नसते. मात्र थंडीत बॅटरीची क्षमता घटते, म्हणून ती घरात ठेवावी.

सर्व झाले की यंत्र गॅरेजबाहेर काढून दहा मिनिटे चालवून पाहावे. बंद जागेत ते कधीही सुरू करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. दुसरा नियम हातांचा. नळकांड्यात अडकलेला बर्फ काढायला हात घालून दरवर्षी कितीतरी जण बोटे गमावतात. इंजिन बंद असले तरी पट्ट्यात दबून राहिलेला ताण अडथळा निघताच पाती झटक्यात फिरवू शकतो. म्हणून इंजिन बंद करावे, किल्ली काढावी, सर्व भाग थांबल्याची खात्री करावी आणि मग यंत्रासोबत मिळालेल्या दांड्यानेच बर्फ ढकलावा.

टोरांटो, बॉस्टन किंवा शिकागोच्या परिसरात पहिल्यांदाच घर घेतलेल्या मराठी कुटुंबांनी ही कामे ऑक्टोबरमध्येच उरकावीत. पहिल्या वादळाचा अंदाज आला की दुरुस्तीच्या दुकानांत गर्दी होते आणि हवी ती पिन किंवा पट्टा मिळेलच असे नाही.