शाळेतील आरोग्यशिक्षण : बीड जिल्ह्याच्या निमित्ताने काही गैरसमजांचा विचार

दसरा सरला की बीड जिल्ह्यातील वाड्यातांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल अंगमेहनतीने फेडण्यास निघालेल्या आईबापांबरोबर जी मुले कारखान्याच्या वाटेला लागतात, अथवा आजीच्या हवाली करून गावी ठेवली जातात, त्यांच्यापैकी जी माध्यमिक शाळेत असतात त्यांचे वयच असे असते की त्यांच्या शरीराविषयीचे फैसले दुसरेच कोणी परस्पर करून टाकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) या जिल्ह्यातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच झालेले आढळले. राज्याचे प्रमाण २१.९ टक्के होते. म्हणजे आठवी ते दहावी ही तीन वर्षे हीच पुष्कळ मुलींच्या बाबतीत शाळेच्या हाती असलेली अखेरची मुदत होय, आणि तेवढ्या मुदतीत आरोग्याचे शिक्षण का दिले जात नाही याचा शोध घेऊ लागले असता द्रव्याच्या किंवा पुस्तकांच्या अभावापेक्षा काही घट्ट रुजलेले गैरसमजच आडवे येतात असे दिसते.

आरोग्यशिक्षण म्हणजे कवायतीचा तास आणि नखे तपासणे, ही समजूत त्यांतली सर्वांत निरुपद्रवी वाटणारी. परंतु तिच्यामुळेच हा विषय वेळापत्रकात असूनही गणिताच्या जादा तासाला सहज बळी जातो. वस्तुतः दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या दुसऱ्या भागात मानवी प्रजनन आहे आणि ‘सामाजिक आरोग्य’ या नावाचे स्वतंत्र प्रकरणही आहे. पाठ्यपुस्तक मुके नाही. ‘घरी वाचून या’ असे सांगून शिक्षकच ती पाने उलटतात.

ती पाने उलटण्यामागे दुसरी आणि अधिक बलवान समजूत आहे : अशा गोष्टी उघडपणे सांगितल्याने मुले बिघडतात. ही भीती आजची नव्हे. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले, आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेऊनही शरीरविषयक अज्ञान हे नीतीचे रक्षण करीत नाही हेच ते सांगत राहिले. तरी २००७ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळात याच भीतीपोटी शाळांतील लैंगिक शिक्षणाला मनाई झाली. वस्तुस्थिती अशी की युनेस्कोने २०१८ च्या आपल्या मार्गदर्शिकेत जगभरच्या अभ्यासांचा जो आढावा घेतला, त्यात असे शिक्षण मिळालेल्या मुलांचे लैंगिक वर्तन वाढल्याचे दिसले नाही; उलट काही ठिकाणी त्यांनी अधिक उशिरा आणि अधिक सावधपणे पावले टाकली. शिवाय न सांगितल्याने मूल अजाण राहत नाही. ते हातातल्या मोबाईलवरून शिकते, आणि तेथे त्याला बरे-वाईट सांगणारा कोणी नसतो.

ज्या समजुतीने या जिल्ह्याचे सर्वाधिक नुकसान केले, तिच्याकडे आता वळतो. दोन-तीन मुले झाली की गर्भाशय, म्हणजे येथल्या बायांच्या बोलण्यातली ‘पिशवी’, निरुपयोगी होते आणि ठेवली तर कर्करोग होतो, ही ती समजूत. २०१९ साली ऊसतोड बायांची गर्भाशये सर्रास काढली जात असल्याचे उघडकीस आल्यावर श्रीमती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. यामागचा क्रम समजून घेण्याजोगा आहे. फडात ना आडोसा ना पुरेसे पाणी. पाळीच्या दिवसांतही मोळी उचलावीच लागते, कारण एक दिवस चुकला तर खाडा पडतो आणि त्याचा दंड उचलीत चढतो. त्यातून जंतुसंसर्ग होतो, अंगावरून पांढरे जाऊ लागते, ओटीपोट दुखते. आणि गावी परतल्यावर एखाद्या खाजगी दवाखान्यात कर्करोगाचे नाव ऐकून कर्ज काढून शस्त्रक्रिया होते. आता या साखळीत शाळेने शिकविण्याजोगे काय नाही? पांढरे जाणे संसर्गामुळे असेल तर तो बहुधा औषधांनी बरा होतो. पहिल्या दोन-तीन वर्षांत पाळी अनियमित असणे स्वाभाविक आहे. अतिरक्तस्रावावर औषधे आहेत. संशय आलाच तर गर्भाशयमुखाची तपासणी आधी होते, शस्त्रक्रिया नंतर. आणि गर्भाशयाबरोबर बीजकोशही अकाली काढले गेले तर हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो, म्हणजे ज्या ऊसतोडीवर पोट चालते त्या कामालाच शरीर अपुरे पडू लागते. त्या वेळी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या पूर्वपरवानगीशिवाय खाजगी रुग्णालयांनी ही शस्त्रक्रिया करू नये असा हुकूम निघाला, तो योग्यच होता. परंतु हुकूम दवाखान्याच्या दारापर्यंतच पोचतो, आणि दाराशी येणाऱ्या बाईने ‘दुसऱ्या डॉक्टरला दाखवून येते’ असे म्हणण्याचे बळ तिला चौदाव्या वर्षी वर्गातच मिळावे लागते.

मुलगा की मुलगी हे आईवर अवलंबून असते, या समजाचे खंडन तर विज्ञानाच्या त्याच पुस्तकात आहे : आईकडून नेहमी एक्स गुणसूत्रच येते, पित्याकडून एक्स किंवा वाय. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे केवळ ८०७ मुली, म्हणजे राज्यातील सर्वांत कमी, असलेल्या जिल्ह्यात हे एक वाक्य मुलग्यांच्या बाकांकडे तोंड करून सांगितले पाहिजे.

आठवड्यातून एकदा शाळेत मिळणाऱ्या निळ्या गोळीचीही हीच कथा. ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली ती गोळी, पण पुढे मूल होणार नाही अशी कुजबुज तिच्याभोवती होते, आणि मुली ती दप्तराच्या कप्प्यात लपवून घरी नेतात व वाटेत टाकून देतात. गर्भधारणेशी तिचा विरोध तर नाहीच, उलट तिच्यामुळे पुढचे बाळंतपण सुरक्षित होण्यास मदत होते. शौचाला काळे होते ते न शोषलेल्या लोहामुळे, त्यात भय काही नाही. मात्र ती रिकाम्या पोटी किंवा चहाबरोबर घेऊ नये. ती मुलग्यांनाही हवी, कारण देशात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के, तसेच मुलग्यांपैकी ३१ टक्के रक्तक्षयी आढळले आहेत. शिक्षकाने स्वतः वर्गासमोर गोळी घ्यावी, या साध्या उपायाने जे साधते ते परिपत्रकाने साधत नाही.

मनाच्या आरोग्याविषयी दोनच शब्द. ‘मरावेसे वाटते का’ असे विचारल्याने तो विचार मुलाच्या मनात शिरतो, हा समज खोटा आहे; विचारल्याने बहुधा ओझे हलके होते, आणि नापिकी व कर्ज पाहिलेल्या घरांतल्या मुलांना कोणी तरी विचारणे आवश्यकच आहे. १४४१६ या ‘टेली-मानस’ मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर मराठीत विनामूल्य बोलता येते, तो फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असावा.

हे सर्व डॉक्टरांनीच शिकवावे, ही शेवटची पळवाट. २०२० च्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षित करण्याची तरतूद आहे, कारण रोज भेटणाऱ्या माणसालाच मूल दुसऱ्यांदा प्रश्न विचारते. तेव्हा जिल्ह्यातील मुख्याध्यापकांना माझी विनंती एवढीच की प्रजननाचे आणि सामाजिक आरोग्याचे प्रकरण दुसऱ्या सत्रावर ढकलू नका, पहिल्या सत्रातच, दसऱ्यापूर्वी, मुले-मुली दोघांनाही शिकवून पुरे करा. कारण त्यानंतर वर्गातली काही बाके रिकामी होतात, आणि त्यांतल्या काही मुली पुन्हा शाळेत येत नाहीत.