फुकट आणि हक्काचं

विदर्भातल्या शाळांची उन्हाळ्याची सुट्टी लांब असते. उरलेल्या महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर शाळेची घंटा वाजते, आमच्याकडे ऊन उतरेपर्यंत जून सरत येतो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे गेला की सकाळी दहानंतर पोरांना बाहेर सोडायची सोय नसते. दारं-खिडक्या लावलेल्या, कूलर घरघरतोय आणि घरातली चार माणसं चार मोबाइल घेऊन चार कोपऱ्यांत, हे चित्र मला बघवेना. म्हणून एका सुट्टीत मी इंटरनेटवर शोधून मुलांसाठी साठ पानं छापून आणली. बर्फाचा माणूस, इग्लू, नाताळचं झाड, स्लेजगाडी. मुलांनी दोन पानं रंगवली, बाकीच्यांची विमानं केली.

छपाईचे पैसे गेले त्याचं एवढं वाटलं नाही. त्या साठांत एकही पान असं नव्हतं, ज्याच्यासाठी मला मुलांजवळ बसावं लागलं असतं, हे मात्र लागलं. तेव्हापासून फुकट मिळणाऱ्या प्रत्येक गोष्टीला मी एकच कसोटी लावते: ही छापली, तर घरातलं मोठं माणूस खाली सतरंजीवर बसेल का?

या कसोटीला सगळ्यांत आधी उतरले ते अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात टेल्कोत नोकरीला होते. १९७८ मध्ये सुट्टी घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि पुढचं सगळं आयुष्य टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्यात घातलं. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं हेच काम केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावाच्या संकेतस्थळावर खेळण्यांची चित्रमय कृती, छोट्या फिल्म आणि पुस्तकांचा मोठा साठा आहे. त्यात मराठी पुस्तकंही भरपूर आहेत. नाव नोंदवा, पैसे भरा, अशी काही भानगड नाही.

त्यांचा काड्यापेटीच्या काड्यांचा खेळ आम्ही पहिल्यांदा केला. काड्यांचा गुल खरवडून टाकायचा. सायकलच्या व्हॉल्व्हला लागणारी बारीक रबरी नळी आणायची. आता ती सगळ्या सायकलींना लागत नाही, त्यामुळे जुन्या सायकलवाल्याकडे विचारावं लागतं. नळीचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे कापायचे. तुकड्याच्या दोन्ही टोकांत एकेक काडी घातली की मधे वाकणारा सांधा तयार होतो. तीन काड्या, तीन तुकडे, झाला त्रिकोण. आता दाबा. हलत नाही. चार काड्यांचा चौकोन करा, बोट लावलं की कलंडतो. पंचकोन तर हातात धरवत नाही. माझ्या मुलाने चौकोनात तिरपी काडी बसवायचा हट्ट धरला, काडी आखूड पडली, म्हणून त्याने झाडूची काडी मोडून घातली. चौकोन ताठ उभा राहिला. संध्याकाळी कोराडी रस्त्याने जाताना विजेचे उंच मनोरे दिसले, तसा तो गाडीतून ओरडला, ‘बाबा, सगळे त्रिकोणच आहेत!’ एवढ्या वर्षांत त्या मनोऱ्यांकडे आम्ही दोघांनी कधी असं पाहिलंच नव्हतं.

गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ हे २०१५ मध्ये सुरू झालेलं संकेतस्थळ आहे. तिथे मराठीतली चित्रपुस्तकं वाचनाच्या पायऱ्यांप्रमाणे लावलेली आहेत. ती उतरवून घेता येतात, छापता येतात, आणि मूळ लेखक-चित्रकाराचं नाव कायम ठेवून त्यांचा अनुवादही करता येतो. दुसरं ठिकाण म्हणजे बालभारतीचं ‘किशोर’. हे मासिक नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू झालं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. त्यातली कोडी आजोबा सोडवतात आणि नातवंडं तपासतात, असा आमच्या घरातला क्रम आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तकंही पीडीएफ स्वरूपात मोफत आहेत. धाकट्याला थोरल्याचं पुस्तक आधीच वाचायची हौस असेल, तर ती तिथे भागते.

इथे एक गोष्ट मनापासून सांगते. दिवाळी आली की व्हॉट्सॲपवर अंकांच्या आणि पुस्तकांच्या पीडीएफ फिरायला लागतात. तेही फुकट असतं, पण ते आपलं नसतं. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं लेखनाचा हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून ‘श्यामची आई’ २०११ पासून सगळ्यांची झाली. ती खुशाल छापा, वाटा. भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले. त्यांचा फास्टर फेणे अजून कितीतरी वर्षं विकतच घ्यायचा आहे, आणि तो घ्यावा. ज्यांनी हौसेने आपलं काम मोकळं केलं आहे, त्यांचंच इतकं आहे की कुणाचं उचलायची गरज पडत नाही.

छपाईबद्दल थोडं. परदेशी पानं बहुधा ‘लेटर’ मापाची असतात. आपला ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा, तर लेटर रुंदीला थोडा जास्त आणि उंचीला कमी. त्यामुळे कडा कापल्या जातात. झेरॉक्सवाल्याला ‘फिट टू पेज’ करायला सांगावं. मापाचा खेळ असेल, घडी घालून डबा किंवा ठोकळा करायचा असेल, तर मात्र मूळ मापातच छापून घ्यावं. रंगीत छपाईची गरज क्वचित पडते, रंग भरायला मुलं आहेतच. आणि अक्षर गिरवायची पानं घेताना ‘ल’ आणि ‘श’ बघून घ्या. हिंदी पद्धतीचा ‘ल’ पाहून पहिलीतलं पोर गोंधळतं. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा मोफत फॉन्ट मराठी वळणाचा आहे. पंधरा मिनिटांत घरच्या घरी गिरवायचं पान तयार होतं, आणि त्यात पोराचं स्वतःचं नाव घालता येतं.

सगळ्यांत स्वस्त खेळाला तर कागदही लागत नाही. नागपूर साधारण २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. म्हणून वर्षातून दोनदा सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो. दिल्लीकरांना हे भाग्य नाही. आपला पहिला शून्य सावलीचा दिवस २६ मेच्या आसपास असतो. दुसरा जुलैच्या मध्याला येतो, पण तेव्हा ढग असतात. कोणत्या गावाला कोणता दिवस, हे ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या मोफत ॲपवर सापडतं. आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेषेच्या पश्चिमेला असल्याने ही वेळ बाराला न येता सुमारे बारा वाजून दहा मिनिटांनी येते. गच्चीवर पाण्याची बाटली, तेलाचा डबा, जे सरळ उभं राहील ते ठेवा. आम्ही स्टीलचा पेला उपडा ठेवला होता. सावली आक्रसत पेल्याच्या बुडाशी गेली आणि दिसेनाशी झाली. पाय भाजत होते, तरी कुणी खाली उतरायला तयार नव्हतं. टोपी, पाणी आणि सावलीची जागा जवळ असू द्या, आणि सूर्याकडे कुणी पाहू नका.

एक वस्तू मात्र मला आमच्या घरची म्हणून कुठेच छापलेली मिळाली नाही: भुलाबाईची गाणी. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या वैदर्भीय घरांत भुलाबाई बसते. मुली गाणी म्हणतात आणि झाकलेली खिरापत ओळखायचा खेळ रंगतो. काही गाणी इंटरनेटवर आहेत, पण माझी आई म्हणते तशी नाहीत. प्रत्येक घरी दोन ओळी वेगळ्या, नावं वेगळी. गेल्या वर्षी मुलीने आजीला समोर बसवून मोबाइलवर सगळी गाणी ध्वनिमुद्रित केली. मग बोलून टाइप करायची मोफत सोय वापरून ती उतरवली. वऱ्हाडी शब्द यंत्राला कळेनात, ते आजीने एकेक करून दुरुस्त करून दिले. चार ए-फोर कागद दोन्ही बाजूंनी छापून मधे दुमडले की सोळा पानांची वही होते. सुईदोऱ्याने शिवली. अशा बारा वह्या केल्या. कोजागिरीला आलेल्या प्रत्येक मुलीला एकेक दिली आणि शेवटचं पान मुद्दाम कोरं ठेवलं, त्यांच्या आजीचं गाणं लिहायला.

त्यातल्या पाच वह्या भरून परत आल्या आहेत. तुमच्या घरात अशी गाणी म्हणणारं कुणी असेल, तर या दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्यासमोर मोबाइल ठेवा आणि म्हणायला सांगा.