जमीन सोबत घेऊन येणारी पंचिंग बॅग

असोद्यासारख्या गावात घरी कराटेचा किंवा बॉक्सिंगचा सराव करायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो बॅग टांगायची कुठे हा. जळगाव शहराला जवळजवळ खेटून असलेलं हे गाव मराठी वाचकाला बहिणाबाई चौधरींचं माहेर म्हणून ठाऊक आहे, आणि खवय्यांना भरिताच्या वांग्यांसाठी. खानदेशातल्या अशा गावांच्या जुन्या गल्ल्यांत धाब्याची घरं अजून टिकून आहेत: लाकडी खांब, त्यांवर तुळया, वर कडीपाट आणि कडीपाटावर मातीचा जाड थर. तीस-चाळीस किलोची बॅग अशा तुळईला टांगून रोज बडवली तर हादऱ्यांनी वरची माती फटीफटीतून गळू लागते. पत्र्याच्या शेडमध्ये अँगलला टांगली तर अख्खी शेड वाजते. आणि सिमेंटच्या नव्या घरात स्लॅबला भोक पाडायचं म्हटलं की घरातली वडीलधारी माणसं आडवी येतात, ते योग्यच आहे.

अशा घरांसाठी फ्री स्टँडिंग पंचिंग बॅग ही खरी सोय आहे. खाली प्लॅस्टिकचं पोकळ बूड, त्यात पाणी किंवा वाळू भरायची. मधोमध कडक गाभा, त्याभोवती फोमचा जाड थर आणि बाहेरून रेक्झिनचं आवरण. छताला साखळी लागत नाही आणि जमिनीत खड्डाही लागत नाही. दणका बसला की ती कलते आणि पुन्हा सरळ होते. पाहायला साधी वाटणारी ही वस्तू नेमकं काय सोसते हे कळलं की मात्र थक्क व्हायला होतं.

1985 साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी फ्रँक ब्रुनो या हेवीवेट मुष्टियोद्ध्याचा ठोसा मोजला होता. हाच ब्रुनो पुढे 1995 मध्ये विश्वविजेता झाला. त्याची मूठ लक्ष्यावर आदळली तेव्हा तिचा वेग सेकंदाला 8.9 मीटर, म्हणजे ताशी 32 किलोमीटर होता. स्पर्श झाल्यापासून 14 मिलीसेकंदांत, सेकंदाच्या सुमारे सत्तराव्या भागात, जोर 4096 न्यूटनवर पोचला. चारशे किलोहून अधिक वजन टेकवल्यासारखा हा जोर. आपल्या घरातल्या माणसाचा ठोसा याच्या जवळपासही जाणार नाही, पण निम्म्याचा निम्मा धरला तरी शंभर किलो होतात. एवढा मार खाऊन कशालाही न बांधलेली वस्तू उभी राहते कशी? बॅगेची निवड या प्रश्नाच्या उत्तरावरच ठरते, म्हणून उत्तर सावकाश पाहू.

मार खाणारी वस्तू माणसाने फार पूर्वी तयार केली. ग्रीकांच्या आखाड्यात छताला चामड्याची पिशवी टांगलेली असे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला वैद्य अँटिलस याने तिच्यात काय भरावं तेही सांगून ठेवलं आहे: अशक्तांसाठी अंजिराच्या बिया किंवा पीठ, बलवानांसाठी वाळू. ओकिनावात कराटेचे साधक जमिनीत फळी पुरून तिच्या वरच्या टोकाला भाताच्या पेंढ्याची दोरी गुंडाळत आणि त्यावर मूठ घडवत; तिला माकिवारा म्हणतात. चीनमध्ये विंग चुन शिकणारे लाकडी हात-पाय बसवलेल्या ओंडक्याशी झुंजत, आणि तो ओंडकाही पूर्वी जमिनीतच रोवलेला असे.

आपल्याकडे या घराण्यातला सर्वांत थोर वंशज म्हणजे मल्लखांब. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, 1130 च्या आसपास, रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांच्या व्यायामांचं वर्णन आहे, आणि त्यात स्तंभश्रम, म्हणजे खांबावरची मेहनत, स्वतंत्रपणे येतो. पुढे ही विद्या मागे पडली. तिला पुन्हा उभं केलं ते दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी. आख्यायिका अशी की निजामाच्या मुलखातले अली आणि गुलाब हे दोन मल्ल पुण्यात आले, त्यांनी आव्हान दिलं, आणि कोवळ्या वयाच्या बाळंभटांनी ते उचललं. मग ते वणीला गेले आणि सप्तशृंगीची उपासना केली. तिथे मारुतीने दृष्टांत देऊन लाकडी खांबावर डावपेच शिकवले, असं सांगतात. कुस्तीत अली हरला आणि गुलाबने अंग काढून घेतलं. चैत्रात खानदेशातून हजारो माणसं ज्या गडाकडे पायी निघतात, त्याच गडाच्या पायथ्याशी या गोष्टीने मल्लखांबाचा पुनर्जन्म ठेवला आहे. 1936 मध्ये अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, आणि 2019 मध्ये मुंबईत मल्लखांबाची जागतिक स्पर्धाही झाली.

सागवानाचा किंवा शिसवीचा, वर निमुळता होत जाणारा, एरंडेल चोळून गुळगुळीत केलेला हा खांब मुळात मल्लाचा जोडीदार होता. अंग, मान आणि बोंड अशी त्याच्या भागांची नावंच सांगतात की समोर माणूस कल्पिलेला आहे. जोडीदार मिळाला नाही तरी मेहनत थांबू नये म्हणून तो होता. घरातली बॅगही त्याचसाठी असते.

पुरलेल्या खांबाला बळ मिळतं ते जमिनीकडून. असोद्याच्या शिवारात जमीन आहे ती काळी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत नुसता रोवलेला खांब मे महिन्यात डुगडुगू लागतो. खड्डा मोठा घेऊन त्यात मुरूम आणि दगड ठासावे लागतात, आणि त्यासाठी अंगण हवं. अंगण नसलं की काय करायचं, हा पेच हाँगकाँगमध्ये 1950 च्या दशकात आला होता. विंग चुनचे गुरू इप मान तिथे उंच इमारतींमध्ये शिकवू लागले, जमीनच उरली नाही. तेव्हा ओंडका दोन आडव्या लवचीक पट्ट्यांवर बसवून भिंतीशी जोडण्याची युक्ती निघाली. फ्री स्टँडिंग बॅग त्याच्या पुढचं पाऊल टाकते. भिंतीवर न टेकता ती आपली जमीन आपल्या बुडात घेऊन येते. म्हणून ही बॅग विकत घेताना खरी खरेदी बुडाची असते. वरचं चकचकीत आवरण पाहून पैसे मोजणारे बहुतेक जण फसतात.

आता हिशोब. समजा बुडाचा व्यास 60 सेंटिमीटर आहे, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत 30. पाणी भरून एकूण वजन 120 किलो झालं. छातीच्या उंचीवर, 120 सेंटिमीटरवर, आपण तिला सावकाश ढकलत गेलो तर ती कधी उलटू लागेल? 120 ला 30 ने गुणा आणि 120 ने भागा: 30 किलो जोराला. आता बाजारात स्वस्तात मिळणारं लहान बूड घ्या, व्यास 50 सेंटिमीटर आणि भरून वजन 62 किलो. हाच हिशोब केला तर ते सुमारे 13 किलो जोरालाच कलंडू लागतं. एवढा जोर घरातलं लहान मूल नुसतं लोंबकळलं तरी पडतो. दोन बुडांच्या व्यासात फक्त 10 सेंटिमीटरचा फरक आहे, पण स्थैर्य दुपटीहून जास्त बदललं.

मग शंभर किलो जोराचा ठोसा 30 किलोला उलटणाऱ्या बॅगेला पाडत का नाही? कारण ठोसा तिथे थांबत नाही. डोळ्याचं पातं लवायच्या आत तो संपतो, आणि तेवढ्या वेळात जड बुडाला कडेवर उभं राहण्याइतकी गती मिळतच नाही. फोम दबतो, गाभा थोडा वाकतो, बूड किंचित उचललं जातं आणि स्वतःच्याच वजनाने परत बसतं. खरी परीक्षा असते ती पुश किकची. पाय बॅगेला लागून राहतो, मागून अख्ख्या शरीराचं वजन येतं, आणि मग तो 30 किलोचा आकडा लागू होतो. त्यामुळे नुसते हात चालवणाऱ्याला जे बूड पुरतं, ते लाथा मारणाऱ्याला पुरेलच असं नाही. तायक्वांदो किंवा किकबॉक्सिंग करणाऱ्याने मोठं बूडच घ्यावं, किंमत थोडी चढली तरी.

बुडात काय भरायचं यावरही फार काही ठरतं. शंभर लिटरच्या बुडात पाणी भरलं तर शंभर किलो. कोरडी वाळू भरली तर साधारण दीडशे-एकशेसाठ. वाळूच्या कणांमध्ये एकतृतीयांशाहून थोडी जास्त जागा पोकळ असते, तीत पाणी सोडलं की आणखी पस्तीस-चाळीस किलो बसतात. जळगावच्या कुठल्याही जिनिंगमध्ये दाबून बांधलेली कापसाची गाठ 170 किलोची असते. ती हलवायला किती माणसं लागतात हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना वाळूने भरलेल्या बुडाची कल्पना येईल. वाळू चाळलेली आणि उन्हात खडखडीत वाळवलेली हवी. ओलसर वाळू नरसाळ्यातच अडकते, आणि बुडाचं तोंड लहान असल्यामुळे हे काम पाहता पाहता अर्धा दिवस खातं. नुसतं पाणी भरत असाल तर बूड काठोकाठ भरावं, कारण अर्धवट भरलेल्या बुडात पाणी डुचमळतं आणि बॅग भलत्याच तालात डोलते. साठलेल्या पाण्याला शेवाळ धरू नये म्हणून ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर चिमूटभर पुरे. माझा कौल असा: चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींना पाणी चालेल, पूर्ण वाढलेल्या माणसाने वाळू भरण्याचा त्रास एकदाच घ्यावा.

फरशीकडे लोक लक्ष देत नाहीत, आणि तिथेच निम्म्या तक्रारी जन्मतात. बॅगेवर वर मारलं तर ती कलते, खाली मारलं तर सरकते. कलण्याची आणि सरकण्याची सीमा घर्षणावर ठरते. 60 सेंटिमीटरचं बूड खडबडीत फरशीवर असलं तर गुडघ्याच्या थोडं वरपर्यंतचे फटके तिला सरकवतात, त्याहून वरचे कलवतात. गुळगुळीत टाइल्सवर धूळ असली तर ही सीमा कमरेपर्यंत चढते, मग प्रत्येक लो किकला बॅग भिंतीकडे चालू लागते. खाली रबरी मॅट अंथरावी. जळगावात प्लॅस्टिकच्या चटया हव्या तितक्या मिळतात, पण चटई बॅगेखाली टाकू नये, ती स्वतःच फरशीवरून घसरते. काही बुडांना खाली रबरी सक्शन कप असतात. ते टाइल्सवर छान धरतात, शहाबादी फरशीवर किंवा कोब्यावर निरुपयोगी. आणि दीडशे-दोनशे किलोची ही वस्तू धाब्यावर किंवा जुन्या लाकडी माडीवर कदापि चढवू नये. तळमजला, ओसरी किंवा पक्की पडवी हीच तिची जागा. ऊन मात्र टाळावं. इथे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, आणि उन्हात राहिलेलं रेक्झिन दोन उन्हाळ्यांत तडकतं.

वरच्या भागाबद्दल फार सांगायला नको. बॅगेचा माथा वापरणाऱ्याच्या डोक्याइतका उंच असावा, फोम अंगठ्याने जोर लावल्यावर दबावा पण गाभा हाताला लागू नये. गाभा आणि बूड जिथे जोडलेले असतात तो सांधा हाताने हलवून पाहावा. बॅग तुटते ती बहुधा तिथेच. दुकानात रिकामी बॅग ढकलून काही कळत नाही. टेप घेऊन बुडाचा व्यास मोजावा, किती लिटर मावतं ते विचारावं आणि वरचा हिशोब तिथेच कागदावर मांडावा.

हाताची काळजी मात्र पहिल्या दिवसापासून. मनगटाला आणि बोटांच्या मुळांना पट्टी गुंडाळून वर ग्लोव्हज घालावेत. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळावर बसला पाहिजे. तो करंगळीकडे घसरला की तिथलं तळहाताचं बारीक हाड मोडतं, आणि नवशिक्यांमध्ये हे इतकं होतं की डॉक्टर त्याला बॉक्सरचं फ्रॅक्चर म्हणूनच ओळखतात.

समग्र शिक्षा अभियानात सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण दिलं जातं, तीन महिन्यांचं. तीन महिने संपले की वर्ग संपतो आणि शिकलेला हात हळूहळू विसरतो. घरात बॅग असलेली मुलगी तो हात टिकवू शकते, हे मला या वस्तूच्या बाजूने सर्वांत मोठं कारण वाटतं. जी मुलगी संध्याकाळी तालमीत जाऊ शकत नाही तिच्यासाठी ओसरीतली बॅग हीच तालीम. तिच्याभोवती चारही बाजूंनी मीटर-दीड मीटर मोकळी जागा ठेवली तर फिरत फिरत मारता येतं, आणि पायांची चाल त्यातूनच सुधारते. टांगलेली बॅग झुलून अंतराचा जो अंदाज शिकवते तो ही बॅग पूर्णपणे शिकवू शकत नाही. स्पर्धेत उतरायचं असेल तर जळगावला जाऊन जाणत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली टांगलेल्या बॅगेवर आणि माणसासमोर उभं राहावंच लागेल.

बॅग जिथे कायम राहणार तिथेच आणून मग बूड भरावं. बहुतेक बुडं गोल असतात, त्यामुळे दोघांनी मिळून थोडं कलवून कडेवर घरंगळत नेलं तर ती हात-दोन हात हलते. त्याहून लांब न्यायची तर वाळू उपसावी लागते. वाळूत पाणी घातलं असेल तर ती आत गच्च बसते. तेव्हा घर बदलण्याची शक्यता असलेल्यांनी वाळू कोरडीच ठेवावी आणि बुडाचं झाकण घट्ट लावून घ्यावं.