ही बाटली किती तिखट?

5 ग्रॅम भजीची मिरची आणि 5 ग्रॅम लवंगी मिरची. तराजूला दोन्ही सारख्याच, पण जिभेला विचारून बघा! परागकणांचंही अगदी असंच आहे. आणि ते काही माणसांच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून ही गोष्ट सांगायलाच हवी.

युरोप-अमेरिकेत टिमोथी नावाचं गवत खूप. त्याचे परागकण इतके बारीक की साधारण 30 कण ओळीत ठेवले तर कुठे 1 मिलिमीटर भरतो. ते नाकात गेले की काहींना शिंकांवर शिंका येतात, डोळे चुरचुरतात. खरं तर कण बिचारे निरुपद्रवी. पण शरीर त्यांच्यातल्या प्रथिनांना शत्रू समजून बसतं. यालाच आपण ॲलर्जी म्हणतो.

त्यावर उपाय कोणता? त्याच परागकणांचा अर्क! आधी अगदी थेंबभर, तोही खूप पातळ करून टोचायचा, मग हळूहळू मात्रा वाढवायची. शरीराला सवय होते. पण अर्क फिका निघाला तर उपयोग शून्य, आणि जहाल निघाला तर अंगावर गांधी उठतात, क्वचित श्वासही कोंडतो. म्हणजे बाटलीतला अर्क किती जहाल आहे, हे आधी कळायलाच हवं ना?

1911 साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये लेनर्ड नून या डॉक्टरांनी यासाठी एक माप ठरवलं. टिमोथीच्या 1 मिलिग्रॅम परागकणांचे हजार भाग करायचे; त्यातल्या एका भागातून जेवढा अर्क निघेल, ते 1 एकक. रोग्याला किती सोसतं हे बघायला ते त्याच्या डोळ्यात पातळ अर्काचा थेंब टाकत. डोळा लाल झाला की कळायचं, इथवरच! दोनच वर्षांनी, 1913 मध्ये, क्षयरोगाने नून गेले. त्यांचे सहकारी जॉन फ्रीमन यांनी काम पुढे चालू ठेवलं.

माप छान होतं, पण ते वजनाचं. एका वर्षीचे परागकण दुसऱ्या वर्षीच्या परागकणांसारखे नसतात. कुणी ओलसर जागी ठेवतं, कशात बुरशी मिसळते. वजन तेच, ताकद मात्र वेगळी. मग ताकद मोजणार कोण?

अमेरिकेत यासाठी ॲलर्जी असलेल्या मोठ्या माणसांची कातडीच वापरली गेली! ही माणसं स्वखुशीने पुढे आली, आणि डॉक्टर शेजारीच असत. (तुम्ही घरी असलं काही करायचं नाही हं!) अर्क दर पायरीला तिप्पट पातळ करायचा, आणि प्रत्येक पायरीचा थेंब कातडीत टोचायचा. उठलेला लाल चट्टा दोन दिशांनी मोजायचा. दोन्ही मापांची बेरीज 50 मिलिमीटर कितव्या पायरीला होते, ते बघायचं. सरासरी 14 वी पायरी आली, तर त्या अर्काच्या 1 मिलिलिटरमध्ये या नव्या मापाची 1 लाख एककं. आता 1 पासून सुरू करून 14 वेळा 3 ने गुणत जाऊन बघा: 47,82,969! एवढा पातळ केलेला अर्कही कातडी ओळखते. मला तर याचंच सगळ्यात जास्त नवल वाटतं.

पण बाटल्यांच्या प्रत्येक खेपेसाठी माणसं कुठून आणायची? म्हणून असा ताकद मोजलेला एक नमुना अर्क जपून ठेवतात. ॲलर्जी असलेल्या माणसांच्या रक्तातली प्रतिपिंडं घेऊन नवा अर्क त्या नमुन्याशी ताडून बघतात. काम प्रयोगशाळेतच होतं. रॅगवीड नावाच्या तणासाठी तर त्यातलं एक मुख्य प्रथिनच मोजतात. आपल्याकडे माळरानावर माजणारं गाजर गवत आहे ना, ते या रॅगवीडच्याच कुळातलं, आणि त्याच्या परागकणांचीही ॲलर्जी होते.

एक अडचण मात्र अजून आहे. युरोपातले कारखाने आपापली वेगळी एककं वापरतात. एकाचं 100 म्हणजे दुसऱ्याचं 100 नव्हे. त्यामुळे औषधाची कंपनी बदलली की डॉक्टर जुना आकडा तसाच पुढे चालवत नाहीत. मात्रा खाली आणतात आणि पुन्हा पायरीपायरीने वाढवतात.